गावचं शेती-संग्रहालय: वस्तू आणण्याआधी वही उघडा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शेतीच्या जुन्या वस्तूंची एखादी खोली मांडण्याची इच्छा बऱ्याच गावांना, शाळांना, तरुण मंडळांना असते. इच्छा चांगलीच आहे. गडबड होते ती क्रमात. आधी ट्रॉली घेऊन गावभर फिरायचं, मिळेल ते भरून आणायचं, सगळं पाण्याने धुऊन वॉर्निश मारायचं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नाहीतर पोळ्याला उद्घाटन उरकायचं. नोंदी ‘मागून सवडीने’. ती सवड येत नाही. दोन पावसाळ्यांत लाकडाला उधई लागते, आणि देणारी म्हातारी माणसं गेली की ही पांभर (पेरणीचं अवजार) कोणाच्या घरची, कोणत्या सुताराने केली, हे सांगणारं कोणी उरत नाही. कोणाची, कुठली, कशासाठी याची नोंद नसलेली पांभर म्हणजे सरपण.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

टप्पा १: काय जपायचं ते एका वाक्यात लिहा

‘जुन्या वस्तूंचं संग्रहालय’ हे वाक्य चालणार नाही. त्यात तलवारी येतात, ग्रामोफोन येतो, कोणाच्या आजोबांचा कंदील येतो, आणि शेती कोपऱ्यात जाते. वाक्य असं हवं: ‘विजेची मोटर येण्याआधीची आणि नंतरची आमच्या गावची बागायत’. किंवा ‘पांझरेच्या काठची फड पद्धत’, म्हणजे नदीवर बंधारा घालून सामूहिक सिंचनाची जुनी रीत. किंवा ‘रावेर-यावल पट्ट्यातली केळी, लागवडीपासून वॅगनपर्यंत’. किंवा ‘सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आणि भिल्ल कुटुंबांची शेती’. यातलं एकच निवडा. चारही धरलेत तर चारही अर्धे राहतील.

मग दोन याद्या करा, घ्यायच्या वस्तूंची आणि न घ्यायच्या वस्तूंची. न घ्यायची यादी भिंतीवर लावा. ‘आमच्या घरची समई ठेवाच’ असा आग्रह गावात होतोच, तेव्हा तीच कामी येते.

याच टप्प्यावर ठरवायची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: शेती कोणाची? बहुतेक खोल्यांत जमीनमालकाचा वाडा दिसतो, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) दिसत नाही. मोट शिवणारे चर्मकार, नाडे वळणारे मातंग, फाळ शेवटणारे (टोक घडवून देणारे) लोहार दिसत नाहीत. निंदणी करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांचं खुरपं आणि ओटीचं फडकं दिसत नाही. वस्तूंच्या यादीसमोर ‘कोणी केली’ आणि ‘कोणी वापरली’ असे दोन रकाने आखा. यादी वाचताना दुसऱ्या रकान्यात एकाच समाजाची नावं येत असतील, तर यादी अजून पुरी झालेली नाही.

> तपासा: तुमचं वाक्य गावातल्या शाळकरी पोराला वाचून दाखवा. ‘म्हणजे तिथे काय बघायला मिळेल?’ याचं उत्तर त्याला देता आलं पाहिजे.

टप्पा २: संस्था, ठराव आणि जागा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. वस्तू एखाद्या व्यक्तीच्या नावावर राहिल्या की पुढच्या पिढीत वाटणीत जातात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदवा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. घटनेत एक कलम न विसरता घाला: संस्था बंद पडली तर वस्तू विकायच्या नाहीत, अमुक संस्थेकडे द्यायच्या. जागा ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या आणि वापराची मुदत लेखी ठेवा. सरपंच बदलला की तोंडी शब्द बदलतो.

जागेबद्दल गावकऱ्यांचा पहिला विचार नव्या पत्र्याच्या शेडचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखाली लाकूड तडकतं, चामडं कडक होतं. जुनं धाब्याचं जाड भिंतींचं घर आतून पुष्कळ थंड राहतं, पण त्याची खारी (छतावर खारी माती पसरणं) दरवर्षी करावी लागते आणि छत गळतं का ते पावसातच कळतं. त्यामुळे जागा मिळाल्यावर एक पावसाळा ती रिकामी ठेवून पाहा. भिंतीवर ओल कुठपर्यंत चढते तिथे खडूने रेघ मारा. उधईच्या मातीच्या नळ्या दिसतात का ते बघा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र आत टांगा. आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर तिथे बुरशी येणारच. आधी हवा खेळती करा किंवा दुसरी खोली बघा.

> खबरदारी: जुन्या घरातली वायरिंग पूर्ण बदलल्याशिवाय आत एकही लाकडी वस्तू नेऊ नका. आग विझवायचं सिलिंडर दाराजवळ हवं, आतल्या कोपऱ्यात नको.

टप्पा ३: वस्तू घरातच असताना नोंद करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वस्तू तिच्या जागेवरून हलली की निम्मी माहिती तिथेच राहते.

दोघांनी जा. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. तिसरा माणूस नको, म्हातारी माणसं गर्दीत संकोचतात. पहिल्या भेटीत वस्तू मागू नका, पाहू द्या एवढंच म्हणा. वस्तू जिथे आहे तिथेच फोटो काढा: माळ्यावर, गोठ्यात, विहिरीच्या थारोळ्याजवळ. मग बाहेर उजेडात समोरून, बाजूने, मागून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून.

त्यानंतर भागांची नावं विचारा. पांभर दाखवून ‘ही पांभर’ एवढं लिहून भागत नाही. चाडं, नळ्या, फण, दिंड, रुमणं अशा प्रत्येक भागावर बोट ठेवून नाव विचारा. वखराची पास आणि जानकुडं, मोटेचा नाडा, सोंदूर, चाक, धाव यांचंही तसंच. घरातली बाई ज्या बोलीत सांगते त्याच बोलीत लिहा. अहिराणीत सांगितलं तर अहिराणी, लेवा बोलीत सांगितलं तर लेवा बोली, पावरीत सांगितलं तर पावरी. प्रमाण मराठीतलं नाव शेजारच्या रकान्यात जाईल, पण बोलीतलं नाव खोडून नव्हे. आणि तुम्हालाही ती बोली येत असेल तर प्रश्न तिच्यातच विचारा. ‘हाई काय शे?’ असं विचारल्यावर जे उत्तर येतं, ते ‘याला काय म्हणतात?’ विचारून येत नाही.

विचारायचे प्रश्न:

- कोणी बनवली? कोणत्या गावच्या सुताराने, लोहाराने? मोबदला पैशात की बलुत्यात?
- लाकूड कोणतं? बाभूळ, साग, खैर? कोणाच्या बांधावरचं?
- कोण वापरायचं? बैल कोणाचे?
- कोणत्या पिकाला, कोणत्या महिन्यात?
- मोडली तर कोण, कशी दुरुस्त करायचं?
- वापर कधी थांबला आणि का?

शेवटचा प्रश्न चुकवू नका. मोट का थांबली, दादर (रब्बी ज्वारी) पेरणं का कमी झालं, बैल का विकले, याची उत्तरं म्हणजेच तुमच्या गावाचा शेतीचा इतिहास.

वय विचारताना सन विचारू नका, कोणालाच आठवत नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळात ही होती का?’ ‘गावात पहिली मोटर बसली त्याच्या आधीची की नंतरची?’ ‘तुमच्या लग्नाच्या वेळी होती का?’ असं विचारा आणि त्यावरून अंदाज बांधा. काही वस्तू स्वतःच बोलतात. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि मेट्रिक वजनंमापं त्यानंतरच्या काही वर्षांत. हिशेबाच्या वहीत आणे-पै असतील, वजनावर शेराचा शिक्का असेल, तर ती बहुधा त्याआधीची. पण ‘२०० वर्षं जुनं’ असं देणाऱ्याने सांगितलं म्हणून लिहू नका. ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ असं लिहा.

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. आधी परवानगी विचारा आणि ती परवानगीही रेकॉर्डमध्ये येऊ द्या. त्याच दिवशी फाइलला नाव, गाव, तारीख द्या आणि दुसरीकडे एक प्रत ठेवा.

काही गोष्टींची वस्तूच नसते. फड पद्धत घ्या: बंधारा, पाट, चाऱ्या, फडांची आळीपाळी, पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. यातलं काहीच कपाटात ठेवता येत नाही. तिथे जाणत्या शेतकऱ्याला जमिनीवर काठीने नकाशा काढायला सांगा, त्याचा फोटो घ्या, मग त्याच्यासोबत पाटाच्या कडेने चालत जाऊन कागदावर उतरवा. एका वर्षी कोणत्या फडात कोणतं पीक आणि पुढच्या वर्षी तिथे काय, हे तक्त्यात लिहा. आखाजीला सालदार ठरवायची रीत, पोळ्याची तयारी, मोटेवरची गाणी, तीही अशीच नोंदवा.

> तपासा: नोंद घरच्या माणसाला वाचून दाखवली का? निम्म्या चुका तिथेच दुरुस्त होतात.

टप्पा ४: स्वीकार, कागद आणि चिठ्ठी

नोंद झाल्यावरच वस्तू घ्यायची की नाही हे ठरवा. तुमच्याकडे आधीच दळायची तीन जाती असतील तर चौथं घेऊ नका. नोंद आणि फोटो ठेवा, जातं त्यांच्याच ओट्यावर राहू द्या.

घेतलीत तर दानपत्र करा. वस्तूचं वर्णन, देणाऱ्याचं नाव, तारीख, ‘ही वस्तू कायमची दिली आहे’ हे वाक्य, सह्या. घराची वाटणी झालेली नसेल तर सगळ्या भावांच्या, आणि हक्क असेल तर बहिणींच्याही सह्या घ्या. कोणी ‘ठेवायला देतो, पण वस्तू आमचीच’ म्हणालं तर मुदतीचा वेगळा कागद करा. मुदत नसलेली उसनवारी पुढे भांडणाचं मूळ होते.

वस्तू दारातून आत येताच तिला क्रमांक द्या. सन आणि अनुक्रम पुरेसा आहे: २०२५-१४. सुटे भाग असतील तर २०२५-१४-अ, २०२५-१४-ब. क्रमांक पेन्सिलने लिहिलेली कागदी चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा. तार नको, रबर नको. चाडं एकीकडे आणि नळ्या भलतीकडे असं याच दिवशी होतं.

> खबरदारी: या वस्तू कोणी दिल्या तरी घेऊ नका: चितळ-सांबराची शिंगं, वाघनखं, कातडी (१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा), ठासणीच्या बंदुका (शस्त्र कायदा). नांगरताना सापडलेली नाणी किंवा मूर्ती असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवणं भाग आहे. १०० वर्षांहून जुन्या मूर्ती व चित्रं आणि ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं यांबाबत आधी पुरातत्त्व विभागाला विचारा.

टप्पा ५: नव्या वस्तू वेगळ्या ठेवा

लाकूड, सुपं, टोपल्या, कणग, कापड, झुली: यांतली कोणतीही वस्तू थेट खोलीत नेऊ नका. एका किडक्या सुपातून सगळी खोली किडते. वेगळ्या पडवीत पांढऱ्या कागदावर किंवा स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या कापडावर चारेक आठवडे ठेवा. खाली ताजं पीठ पडलं तर आत भुंगा जिवंत आहे.

लहान वस्तूंसाठी गावातल्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर उत्तम. वस्तू पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर वस्तूवर दव धरतं. रंगवलेलं लाकूड, काच आणि ओली वस्तू फ्रीजरमध्ये घालू नका. नांगर-वखरासारख्या मोठ्या लाकडात भुंगा असेल तर तो बाहेरच ठेवून जाणकाराचा सल्ला घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं केंद्र आहे, लखनऊला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे.

> खबरदारी: धान्यात टाकतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बंद खोलीत ठेवायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. ठेवू नका. त्या वायूने माणसं मरतात, आणि तांब्या-पितळेचीही नासाडी होते. जुन्या कणग्या, कोठ्या, बियाण्याचे डबे झाडताना हातमोजे आणि मास्क घाला, कारण त्यांत पूर्वीची कीडनाशक पावडर राहिलेली असू शकते.

टप्पा ६: स्वच्छता, म्हणजे जेवढी कमी तेवढी बरी

सर्वाधिक नुकसान इथे होतं, आणि तेही प्रेमाने. रुमण्यावर तळहाताच्या घासण्याने आलेली चकाकी, जुवावर बैलाच्या मानेचा झिजलेला खड्डा, फाळाला चिकटलेली काळी माती: हे डाग नव्हेत, कामाची साक्ष आहे. ते पुसून ‘नवं’ केलंत तर उरतं ते सुताराच्या दुकानातलं लाकूड.

लाकूड: मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. पाणी नाही, जवसाचं तेल नाही, वॉर्निश नाही, गेरू नाही, ऑइलपेंट तर नाहीच. तेल चिकट होतं, धूळ धरतं आणि काळं पडतं.

लोखंड: सुटा गंज कोरड्या ब्रशने काढा. सँडपेपरने घासून चमकवू नका. पावसाळ्यात उघड्या हाताने धरू नका, घामाचा ठसा गंजतो. पितळ-तांब्याला चिंच-लिंबू लावायचा मोह आवरा. दर वेळी धातूचा एक थर जातो, आणि मापावरचा शिक्का आधी जातो.

चामडी मोट: हिला तेल लावायची सवय जुन्या माणसांना असते, कारण ती रोज पाण्यात असायची. आता ती कोरड्या खोलीत राहणार आहे. तेल लावू नका, घडी घालू नका, टांगू नका. आत धुतलेल्या सुती कापडाचे बोळे भरून तिचा आकार सांभाळा आणि सपाट फळीवर ठेवा.

कापड: खळ नसलेल्या धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. घडीपेक्षा नळीवर गुंडाळणं बरं. डांबराच्या गोळ्या टाकू नका. वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत ठेवायला हरकत नाही, पण तो कापडाला लागू देऊ नका, आणि तो आहे म्हणून कीड येणार नाही असंही धरू नका.

कागद: जुने सातबारे, फेरफार, सोसायटीची पासबुकं, हिशेबाच्या वह्या लॅमिनेट करू नका. लॅमिनेशन परत निघत नाही. सेलोटेप नको, स्टेपल नको. मोडी लिपीतला कागद असेल तर त्याचा स्वच्छ फोटो काढून तोच वाचणाऱ्याकडे पाठवा, मूळ कागद गावातून हलवू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदांचा मोठा संग्रह आहे. तो कसा ठेवला आहे हे एकदा जाऊन बघण्यासारखं आहे.

शेर-पायलीच्या मापांची एक जास्तीची नोंद करा. पायली चार शेरांची हे सगळ्यांना माहीत असतं, पण शेर गावागणिक बदलायचा. मापात पातळ प्लास्टिक घालून ज्वारी सपाट भरा, ती लिटरच्या मापाने मोजा आणि आकडा नोंदीत लिहा.

सफाई संपली की पक्की नोंदवही: जाड बांधणीची, पानांवर छापील आकडे असलेली, न पुसणाऱ्या शाईने लिहिलेली. संगणकावर प्रत जरूर करा, पण मूळ ही वहीच. वस्तू आणि वही एकाच खोलीत ठेवू नका.

टप्पा ७: मांडणी आणि पाट्या

वस्तू जमिनीवर टेकवू नका आणि भिंतीला चिकटवू नका. विटांवर शहाबादी फरशीचे बुटके ओटे करा आणि मागे हात जाईल एवढी जागा सोडा. उधई मागूनच येते आणि जागा नसेल तर ती दिसत नाही. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. कापड आणि कागद यांवर थेट ऊन कधीच नको.

मांडणी वस्तूंच्या प्रकाराने करू नका, कामाच्या क्रमाने करा: नांगरणी, वखरणी, पेरणी, निंदणी-कोळपणी, पाणी, राखण, कापणी, मळणी, साठवण, दळण. मग कळण्याची भाकरी जात्यापर्यंत कशी आली हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

पाटी ४०-५० शब्दांची. आधी बोलीतलं नाव मोठं, खाली प्रमाण नाव, मग काम, कोणी केली, कोणी वापरली, गाव. दात्याचं नाव सगळ्यांचं सारख्याच आकारात. नांगर देणाऱ्याचं मोठं आणि खुरपं देणारीचं लहान, असं नको.

हात लावायची पोरांना इच्छा होणारच. त्यांच्यासाठी नोंदवहीत नसलेलं एक वेगळं जातं, एक उखळ-मुसळ, एक सूप अंगणात ठेवा. क्रमांक असलेल्या वस्तू कोणीही वापरून दाखवायच्या नाहीत. पाहुणे आले तरी नाहीत, पोळ्याच्या मिरवणुकीत तर नाहीतच.

जुन्या जळगावच्या चौधरीवाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. मांडणीआधी सगळ्यांनी मिळून एकदा तिथे जा. एका घरापुरता, एका बाईच्या कामापुरता संग्रह किती बोलू शकतो हे तिथे दिसतं.

टप्पा ८: वर्षाचं वेळापत्रक

मे: छताची खारी, पन्हाळी, वायरिंग. पाऊस पडल्यावर हे होत नाही.

जून ते सप्टेंबर: दर आठवड्याला एकाने बॅटरी घेऊन प्रत्येक ओट्यामागे बघायचं आणि तारीख टाकून वहीत सही करायची. ‘काही नाही’ असलं तरी लिहायचं. बाहेर मुसळधार असताना खिडक्या बंद ठेवायच्या, उघडीप पडून हवा कोरडी झाली की उघडायच्या.

ऑक्टोबर: बुरशी, गंज, पीठ यांची पूर्ण तपासणी. कीड दिसलेली वस्तू त्याच दिवशी पडवीत, पुन्हा टप्पा ५.

जानेवारी: नोंदवही हातात घेऊन मोजणी. ही दोघांनी करायची आणि त्यांत एकजण रोज किल्ली सांभाळणारा नसावा. वहीत आहे पण खोलीत नाही अशा वस्तूची नोंद खोडायची नाही. तिच्यापुढे ‘मोजणीत आढळली नाही’ असं तारखेसह लिहायचं आणि पुढच्या विश्वस्त सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायचं. खोलीत आहे पण वहीत नाही अशी वस्तू सापडली तर तिला नवा क्रमांक देऊन लगेच गावात चौकशी सुरू करायची, कारण ती कोणी आणून ठेवली हे आठवणारी माणसं अजून भेटू शकतात.